रोजच्या कामाचा लॅपटॉप: मिंट, डेबियन की फ्रीबीएसडी?

पत्र: “माझ्या लॅपटॉपमध्ये सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी आहे. विंडोज ११ त्यावर चढत नाही, आणि विंडोज १० चा आधार संपल्यापासून बँकेचं काम करताना धाकधूक वाटते. मी घरून भाषांतराचं काम करते. दिवसभर ब्राउझर, वर्डच्या फाइल्स, देवनागरी टायपिंग, बरेचदा व्हिडिओ कॉल, अधूनमधून प्रिंट. भाचा म्हणतो, ‘मावशी, फ्रीबीएसडी टाक, तेच खरं युनिक्स.’ ओळखीतले एक जण मिंटचं नाव घेतात, दुसरे आर्चशिवाय काही ऐकून घेत नाहीत, आणि सुरक्षिततेत ओपनबीएसडीचा हात कुणी धरू शकत नाही असंही वाचलं. मला संगणकात डोकं घालायची हौस आहे, पण काम अडलेलं परवडत नाही. काय घेऊ ते कारणांसकट सांगा. आणि आज्ञा टाइप करायचं ते टर्मिनल शिकावंच लागेल का?”

उत्तर: तुमच्या कामाच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाका. २२ च्या मालिकेतली ताजी आवृत्ती, सिनॅमन डेस्कटॉपसह (डेस्कटॉप म्हणजे मेनू, खिडक्या, पट्टी यांची मांडणी). फ्रीबीएसडीची हौस जरूर भागवा, पण वेगळ्या मशीनवर. आर्च आणि ओपनबीएसडी या लॅपटॉपसाठी नकोत, आणि दोघांना नको म्हणण्याची कारणं अगदी वेगळी आहेत. तुम्ही कारणं मागितली आहेत, ती आता सांगतो.

या सिस्टीमची तुलना करताना बहुतेक जण स्क्रीनची छायाचित्रं शेजारी ठेवतात. त्यातून हाती काही लागत नाही. केडीई, एक्सएफसीई, माटे हे डेस्कटॉप लिनक्सवर चालतात तसेच फ्रीबीएसडीवरही चालतात. फायरफॉक्स, क्रोमियम, लिब्रेऑफिस, व्हीएलसी दोन्हीकडे आहेत. एकच डेस्कटॉप असलेली दोन मशीन समोर ठेवली तर कुठल्यावर काय आहे हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखूही येणार नाही. फरक खालच्या थरात असतो. तुमच्या लॅपटॉपमधल्या चिप्स कोण नीट ओळखतं, अपडेट कोणत्या पद्धतीने येतात, आणि बाहेरच्या कंपन्या कुणासाठी सॉफ्टवेअर तयार करतात, यावर सगळं ठरतं. ज्यांचं पोट लॅपटॉपवर आहे त्यांनी तर एवढंच पाहावं.

आधी भाच्याचा मुद्दा घेऊ, कारण तो खोटा नाही. युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून सुरू झालं. पुढे ते बर्कलीच्या विद्यापीठात गेलं, तिथे त्यात इतकी भर पडली की बीएसडी ही वेगळी शाखाच झाली, आणि तिच्यातून १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी निघाले. लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा मध्यवर्ती भाग, मात्र लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये अगदी शून्यातून लिहायला घेतला, आणि भोवतालची बरीचशी साधनं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. त्यामुळे वंशावळ काढली तर भाचा बरोबर आहे. आता युनिक्स या नावाचा हक्क ‘द ओपन ग्रुप’कडे आहे, आणि त्यांचं प्रमाणपत्र मिंटकडेही नाही, फ्रीबीएसडीकडेही नाही, मॅकओएसकडे आहे. पण हे सगळं इतिहासाच्या गप्पांसाठी. वंशावळ कितीही शुद्ध असली तरी तिच्यामुळे व्हिडिओ कॉलमध्ये आवाज येत नाही.

फ्रीबीएसडीचं खरं मोल दुसरीकडे आहे आणि ते मला मनापासून भावतं. तिथे कर्नल, मूळ साधनं आणि त्यांची माहितीपत्रं एकाच प्रकल्पात, कोडच्या एकाच भांडारात वाढतात. लिनक्समध्ये कर्नल एकीकडे तयार होतो, मूळ साधनं दुसरीकडे, डेस्कटॉप तिसरीकडे, आणि डिस्ट्रो बनवणारे हे सगळं गोळा करून एकत्र बसवतात. फ्रीबीएसडीत मूळ सिस्टीम आणि तुम्ही वरून टाकलेले प्रोग्राम यांच्यात स्वच्छ रेषा असते. तुम्ही टाकलेलं सगळं ‘यूएसआर-लोकल’ या एका फोल्डरखाली जातं. काय कुठे आहे ते सापडतं, आणि पाच वर्षांपूर्वी शिकलेलं आजही लागू पडतं. त्यांचं हँडबुक इतकं नीट लिहिलेलं आहे की सिस्टीम समजून घ्यायची असेल तर त्याच्याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. हौशी माणसाला हे वाचूनच मोह होतो. तुम्हालाही होईल.

अडचण येते ती हार्डवेअरशी. चिप बनवणाऱ्या कंपन्या ड्रायव्हर लिहितात ते विंडोजसाठी आणि लिनक्ससाठी. इंटेल आणि एएमडी यांचे स्वतःचे इंजिनियर लिनक्सच्या कर्नलमध्ये काम करतात. बीएसडीवाल्यांना तोच कोड घेऊन आपल्या कर्नलवर बसवावा लागतो. ग्राफिक्सचे ड्रायव्हर फ्रीबीएसडीवर असेच लिनक्समधून येतात, म्हणून ते चांगले चालतात, पण थोडे मागून येतात. वाय-फायचीही तीच गोष्ट. फ्रीबीएसडीवर इंटेलच्या अनेक चिप्सना कित्येक वर्षं जुन्या, मंद मानकाचीच गती मिळायची. जून २०२५ मधल्या १४.३ आवृत्तीने त्यातल्या बऱ्याच चिप्सना वाय-फाय ५ पर्यंतचा वेग दिला. फ्रीबीएसडी फाउंडेशनने लॅपटॉपसाठी वेगळा प्रकल्पही हाती घेतला आहे, म्हणजे परिस्थिती सुधारते आहे. तरीही तुमचा लॅपटॉप झाकण मिटल्यावर नीट झोपेल का, उघडल्यावर जागा होईल का, ब्लूटूथचा हेडफोन पहिल्या फटक्यात जोडला जाईल का, याची खात्री मिंटवर जितकी देता येते तितकी फ्रीबीएसडीवर देता येत नाही. कॉल सुरू व्हायला दोन मिनिटं उरलेली असताना हा फरक फार मोठा वाटतो.

मग बाहेरच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न. गूगल क्रोम अधिकृतपणे लिनक्ससाठी मिळतो, बीएसडीसाठी मिळत नाही. तिथे क्रोमियम वापरायचा. झूमचं स्वतंत्र ॲप लिनक्ससाठी आहे, बीएसडीवर ब्राउझरमधून जावं लागतं. पैसे भरून चित्रपट दाखवणाऱ्या सेवांना वाइडवाइन नावाचा कुलूपबंद भाग लागतो, तो बीएसडीसाठी अधिकृतपणे दिलाच जात नाही. फ्रीबीएसडीमध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याची सोय आहे आणि तिच्यातून हे जमवतात लोक. पण ते जमवावं लागतं, आणि अपडेटनंतर पुन्हा बघावं लागतं. कामात डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे की नाही हे आजच पाहून ठेवा. बीएसडीसाठी तो असण्याची आशा फारशी धरू नका.

प्रिंटरबद्दल काळजी नको. गेल्या काही वर्षांतले नेटवर्कवरचे बहुतेक प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय कप्स या छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर चालतात, आणि कप्स दोन्हीकडे तेच आहे. फक्त यूएसबीने जोडायचा जुना स्वस्त लेझर प्रिंटर असेल तर मिंटवर आधी चालवून बघा, कारण त्यातल्या काहींचे ड्रायव्हर बंदिस्त असतात.

आता ओपनबीएसडी. १९९५ मध्ये थिओ दे राट यांनी नेटबीएसडीतून वेगळं होऊन ते सुरू केलं, आणि जगभरचे सर्व्हर ज्या ओपनएसएसएचने जोडले जातात ते याच मंडळींनी लिहिलं. सुरक्षिततेबद्दल तुम्ही वाचलं ते खरं आहे. तिथे प्लेज आणि अनव्हेल अशा दोन सोयी आहेत. प्लेजने प्रोग्राम सुरुवातीलाच जाहीर करतो की मी फक्त एवढीच कामं करणार. अनव्हेलने तो स्वतःच स्वतःला ठरावीक फोल्डरांपलीकडे आंधळा करून घेतो. तिथल्या फायरफॉक्सला आणि क्रोमियमला तुमच्या फाइल्सपैकी डाउनलोडच्या फोल्डरासारखी मोजकी ठिकाणंच दिसतात. एखाद्या पानाने ब्राउझरवर ताबा मिळवला तरी तुमच्या भाषांतरांच्या फोल्डरापर्यंत त्याचा हात पोचत नाही. किती विचार करून केलेली रचना आहे ही!

पण हाच काटेकोरपणा तुमच्या दिवसाच्या आड येईल. क्लायंटची फाइल अपलोड करायची तर आधी ती डाउनलोडमध्ये हलवायची. मायक्रोफोन आणि कॅमेरा सिस्टीमने मुळातच बंद ठेवलेले असतात; मालकाने मुद्दाम चालू केल्याशिवाय आवाजाऐवजी शांतताच रेकॉर्ड होते. ब्लूटूथ नाहीच; त्याचा कोड नीट सांभाळला जात नाही म्हणून २०१४ मध्ये काढून टाकला. प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यावर दोन धागे एकदम चालवण्याची सोय सुरक्षिततेसाठी मुळातच बंद असते, त्यामुळे जड वेबसाइट अधिक जड वाटतात. फाइल सिस्टीमला जर्नल (बदलांची आधीच करून ठेवलेली नोंद) नाही, म्हणून बॅटरी अचानक संपून मशीन बंद पडलं तर पुढच्या वेळी सुरू होताना डिस्कची तपासणी होते आणि तुम्हाला थांबावं लागतं. यातल्या बहुतेक गोष्टी त्यांनी जाणूनबुजून, कारणं देऊन ठरवल्या आहेत आणि त्यांच्या कामासाठी त्या योग्यच आहेत. तुमचं काम वेगळं आहे.

नेटबीएसडी, ड्रॅगनफ्लाय आणि सोलारिसच्या घराण्यातलं ओपनइंडियाना ही नावंही कधी कानावर येतील. अभ्यासाला उत्तम, रोजच्या लॅपटॉपसाठी त्यांचा विचार करू नका.

म्हणजे लिनक्स. पण कुठलं? इथे लोक भांडतात, आणि इथेच खरं तर तुमच्यासाठी निवड सोपी आहे. स्वतःला विचारा: अपडेटकडे लक्ष कोण देणार? आर्चवर सगळं सतत नवं होत राहतं, ठरावीक आवृत्ती अशी नसतेच. काही अपडेटच्या आधी प्रकल्पाची सूचना वाचून हाताने एखादी गोष्ट करावी लागते, आणि ती न वाचता पुढे गेलात तर मशीन सुरू न होण्याचीही पाळी येते. ज्यांना रोज सिस्टीमशी खेळायचं आहे त्यांना ते आवडतं. सोमवारी सकाळी काम द्यायचं असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. आर्चचा विकी मात्र ताब्यात ठेवा; तो कुठल्याही लिनक्सवर उपयोगी पडतो.

फेडोरा नव्या लॅपटॉपला फार चांगलं, कारण कर्नल ताजा असतो. पण प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिनेच आधार मिळतो, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपडेट करावंच लागतं. शिवाय पेटंटच्या कारणाने काही व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारे भाग) सोबत येत नाहीत, ते बाहेरच्या भांडारातून घ्यावे लागतात. तुमचा लॅपटॉप जुना आहे, तुम्हाला ताज्या कर्नलचा फायदा नाही आणि वर्षाची धावपळ मात्र पदरी पडेल.

उबंटूची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या आधाराची, आवृत्ती चांगली आहे, मिंट तिच्यावरच उभं आहे. मग मिंट का? उबंटूने फायरफॉक्ससकट बरेच प्रोग्राम स्नॅप या स्वतःच्या पद्धतीने द्यायला सुरुवात केली. जुन्या मशीनवर ते उघडायला वेळ घेतात, आणि सिस्टीमच्या इतर भागांशी त्यांचं नेहमी जुळतंच असं नाही. मिंटने २०२० पासून स्नॅप मुळात बंद ठेवलं आणि फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्ये दिला. विंडोजवरून येणाऱ्याला सिनॅमनचा मेनू आणि खालची पट्टी लगेच हाताला बसते. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आणि टाइमशिफ्ट सोबत येतं: ठरवून दिलेल्या वेळी किंवा तुम्ही सांगाल तेव्हा सिस्टीमची प्रत घेऊन ठेवतं, काही बिघडलं तर मागे जाता येतं. ते पहिल्याच दिवशी चालू करा. फक्त हे ध्यानात असू द्या की टाइमशिफ्ट सिस्टीम जपतं, तुमच्या फाइल्स नाही. त्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यायचाच.

मिंटला तोडीस तोड पर्याय एकच, डेबियन. १९९३ मध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी चालवलेला हा प्रकल्प साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती देतो आणि मधल्या काळात सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांपलीकडे जवळपास काही बदलत नाही. बारावी आवृत्ती २०२३ मध्ये आली तेव्हापासून वाय-फायला लागणारं बंदिस्त फर्मवेअरही इन्स्टॉलरसोबतच मिळतं, त्यामुळे डेबियन नवख्यांसाठी नाही हे जुनं म्हणणं आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी आवृत्ती आली. मिंट वापरून सहा-आठ महिन्यांनी तुम्हाला वाटलं की आपल्याला आणखी कमी हलणारी सिस्टीम हवी, तर बेधडक डेबियनवर जा.

तुमच्या कामापुरतं थोडं थांबून सांगायला हवं. लिब्रेऑफिस वर्डच्या फाइल्स उघडतं, पण बदलांचा माग, टिपा, गुंतागुंतीचे तक्ते असलेली फाइल परत पाठवल्यावर क्लायंटकडे कशी दिसते हे एका खऱ्या जुन्या फाइलवर तपासा. हे तुम्ही विंडोजवरच करू शकता. लिब्रेऑफिस तिथेही चालतं, सिस्टीम बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. भाषांतरासाठी ओमेगाटी वापरत असाल तर ते लिनक्सवर जसंच्या तसं चालतं. फक्त विंडोजवर चालणारं साधन क्लायंटने सक्तीचं केलं असेल तर निर्णय घेण्यापूर्वी त्यांच्याशी बोला. देवनागरीचं काम सोपं आहे: इन्स्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तो लेआउट जोडला की झालं, उच्चाराप्रमाणे टाइप करत असाल तर आयबस या टायपिंगच्या साधनात मराठीचे तसे पर्याय मिळतात. नोटो आणि लोहित फॉन्टमध्ये जोडाक्षरं नीट येतात. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स पडून असतील तर त्या विंडोज असेपर्यंत युनिकोडमध्ये बदलून घ्या. हे काम पुढे ढकलू नका, नंतर ते फार जिकिरीचं होतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. जुन्या डिस्कवर विंडोजशेजारी लिनक्स बसवण्यापेक्षा, लॅपटॉप उघडता येत असेल तर नवी एसएसडी विकत घ्या, जुनी डिस्क काढून तशीच बाजूला ठेवा आणि नव्या एसएसडीवर मिंट टाका. काही अडलं तर जुनी डिस्क परत लावली की विंडोज होतं तिथे आहे. आतापर्यंत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर मशीनचा वेग या एका बदलानेच जाणवण्याइतका वाढेल. मेमरी बरीचशी ब्राउझर खातो, सिस्टीम नाही, त्यामुळे ‘हलकं’ डिस्ट्रो शोधण्यात वेळ घालवू नका. ८ जीबीला सिनॅमन चालतं. विंडोजच्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप (एन्क्रिप्शन) असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, बायॉसमध्ये काही बदललं की ती मागितली जाऊ शकते. मिंटसाठी सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीमची सही तपासणारी सोय) बंद करावं लागत नाही, बीएसडीसाठी करावं लागतं.

इन्स्टॉल करण्याआधी मिंट पेन ड्राइव्हवरूनच सुरू करा आणि एक संध्याकाळ द्या. वाय-फाय जोडा, एखाद्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल करा, हेडफोन लावा, झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करा, बाहेरचा मॉनिटर जोडा, एक पान छापा. यात सगळं चाललं तर इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याची खूण करा, कारण लॅपटॉपवर क्लायंटचे कागद आहेत. एखादी गोष्ट चालली नाही तर तिथेच थांबा आणि त्या चिपचं नाव शोधून मग पुढचं ठरवा.

फ्रीबीएसडीसाठी घरात पडलेलं जुनं मशीन असेल तर त्याच्यासारखं काही नाही. नसेल तर मिंटवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे खिडकीत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये, टाका. तिथे वाय-फाय आणि झोपेचे प्रश्न येतच नाहीत, आणि सिस्टीमची रचना मात्र पूर्ण अनुभवता येते. इन्स्टॉल करताना झेडएफएस ही फाइल सिस्टीम निवडा. अपडेटच्या आधी बूट एन्व्हायर्नमेंट करून ठेवलं की संपूर्ण सिस्टीमची एक स्थिती जपून राहते, आणि अपडेट फसलं तर सुरुवातीच्या मेनूतून जुनी स्थिती निवडून पुढे जाता येतं. क्षणात होतं आणि जागाही फारशी घेत नाही. टाइमशिफ्ट जे प्रती काढून करतं ते इथे फाइल सिस्टीमच करते, आणि ते पाहण्यासारखं आहे. आधीच तयार डेस्कटॉप हवा असेल तर फ्रीबीएसडीवर उभं असलेलं घोस्टबीएसडी आहे, ते पेन ड्राइव्हवरून चालवूनही पाहता येतं. पण तुम्हाला हौस आहे म्हणता, तर मूळ फ्रीबीएसडीच घ्या आणि डेस्कटॉप स्वतः बसवा. भाच्याला सोबत बसवा. त्याचा उत्साह तिथे कामी येईल.

टर्मिनलचं विचारलंत. मिंटवर रोजच्या कामासाठी ते शिकावं लागत नाही. अपडेट, नवे प्रोग्राम, प्रिंटर, वाय-फाय सगळं खिडक्यांमधून होतं. इंटरनेटवर एखाद्या अडचणीचं उत्तर म्हणून टर्मिनलची ओळ दिलेली दिसली तर ती जशीच्या तशी चिकटवण्याआधी तिच्यातला प्रत्येक शब्द काय करतो ते ‘मॅन’ लिहून वाचा, आणि ‘सुडो’ने सुरू होणाऱ्या, म्हणजे पूर्ण अधिकाराने चालणाऱ्या, ओळीच्या बाबतीत तर हे टाळूच नका. फ्रीबीएसडीच्या मशीनवर टर्मिनल लागेलच. तिथे पहिल्या दिवशी डेस्कटॉप बसवायची घाई करू नका. हँडबुकच्या दुसऱ्या प्रकरणाप्रमाणे इन्स्टॉल करा आणि मग तिसरं प्रकरण मशीनसमोर बसून, प्रत्येक आज्ञा स्वतः टाइप करत वाचा. परवानग्या, फोल्डरांची रचना, प्रोसेस, हे सगळं तिथे आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या मिंटवरही तसंच चालतं.